एमआरआय नॉर्मल आला, तरी चक्कर खरीच असते

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. कुठल्याही दिशेला तोंड करून उभे राहा, उरलेल्या बाजूंनी माणसं, हातगाडे, दुचाक्या येतच असतात. माझ्या आईने या गोलाईत चाळीस वर्षं बाजार केला. काही वर्षांपूर्वी एका दुपारी ती तिथेच एका दुकानाच्या पायरीवर मटकन बसली आणि म्हणाली, "मला घरी ने. सगळं अंगावर यायलंय."

त्याआधी दोन महिने तिला चक्कर येत होती. एका ठिकाणी सलाईन लागलं. दुसऱ्या ठिकाणी मानेचे मणके झिजलेत म्हणून गळ्यात पट्टा आला. तिसऱ्या ठिकाणी मेंदूचा एमआरआय झाला. तो नॉर्मल निघाला आणि फिल्मच्या मोठ्या पाकिटासोबत तिच्या हातात एक वाक्य पडलं: "काही नाही मावशी, मनाचं आहे." आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. चक्करेपेक्षा त्या वाक्याने ती जास्त खचली.

मी डॉक्टर नाही, आरोग्यावर लिहिणारा माणूस आहे. पण त्या वाक्यापासून मी या विषयाचा पिच्छा सोडलेला नाही. नांदेड, लातूर, हिंगोली, परभणीकडच्या ज्या घरांत असं पाकीट कपाटावर पडून आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. साधा एमआरआय मेंदूची बांधणी दाखवतो: गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, एखादा भाग रक्ताविना मेलाय का. तोल मात्र बांधणी शाबूत असली तरी बिघडू शकतो, कारण तो मेंदूच्या वेगवेगळ्या भागांच्या आपसातल्या बोलण्यावर चालतो. ते बोलणं साध्या एमआरआयमध्ये दिसत नाही. म्हणून 'नॉर्मल' याचा अर्थ 'गाठ नाही, झटका नाही' एवढाच घ्यायचा. त्याचा आनंद जरूर माना. पण 'आजारच नाही' असा अर्थ कुणालाही काढू देऊ नका.

चक्कर कोणती, हे वहीत लिहा

आपल्याकडे घर गरगर फिरणं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, चालताना झोक जाणं आणि डोकं हलकं होऊन तरंगल्यासारखं वाटणं, या सगळ्याला एकच शब्द आहे: चक्कर. घेरी म्हणा, भोवळ म्हणा, "डोस्कं गरगरायलंय" म्हणा, ऐकणाऱ्याला नेमकं काय झालं ते कळत नाही. अशा वेळी शब्दापेक्षा दोन गोष्टी जास्त उपयोगी पडतात: किती वेळ टिकली आणि कशाने सुरू झाली.

कुशीवर वळताना किंवा माळ्यावरचं काही काढायला मान वर करताना घर फिरलं आणि मिनिटाच्या आत थांबलं, तर बहुतेक वेळा दोष आतल्या कानातल्या खड्यांचा असतो. वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत फिरलं, त्याच वेळी एका कानात दडा बसला, आवाज येऊ लागला, कमी ऐकू आलं, तर मेनियर या आतल्या कानाच्या आजाराचा विचार होतो. चक्करेसोबत उजेड आणि आवाज नकोसा वाटत असेल, आधी अर्धशिशी असेल, तर ती अर्धशिशीचीच चक्कर असू शकते, आणि ती फार जणांना असते. एकदा सुरू झालेली चक्कर दिवसभर, दोन दिवस थांबतच नाही, ती वेगळी. तिच्याबद्दल पुढे सांगतो. महिनोन्‌महिने रोज थोडं थोडं डोलल्यासारखं वाटतं, ती आणखी वेगळी.

वहीत हेही लिहा: कोणती औषधं चालू आहेत, मधुमेह आहे का, तंबाखू-गुटखा किती, पूर्वी क्षयरोगासाठी किंवा दुसऱ्या जंतुसंसर्गासाठी इंजेक्शनांचा कोर्स झाला होता का. स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन ही औषधं जीव वाचवतात, पण काही रुग्णांत दोन्ही कानांतली तोलाची इंद्रियं कायमची दुबळी करून जातात. अशा माणसाला फिरल्यासारखं वाटत नाही. चालताना समोरचे बोर्ड, झाडं उड्या मारताना दिसतात, आणि अंधारात पाय टाकायची भीती वाटते. वर्षानुवर्षं निव्वळ शाकाहारी असणाऱ्यांनी बी-१२ तपासलंय का, तेही लिहा. ते कमी पडलं की पायांकडून मेंदूला जाणारी खबर पुसट होते.

वहीइतकीच मोलाची दुसरी वस्तू तुमच्या खिशात आहे. चक्कर चालू असताना घरच्या कुणीतरी मोबाइलवर डोळ्यांचं जवळून चित्रण करून ठेवावं. डोळे उघडे ठेवायचे, समोर पाहायचं, मग डावीकडे, मग उजवीकडे. बुबुळं कोणत्या दिशेला झटके देतात, त्यावरून दोष कानात आहे की मेंदूत, याचा जाणत्या डॉक्टरला बराचसा उलगडा होतो. दवाखान्यात पोचेपर्यंत झटके थांबलेले असतात, म्हणून हे चित्रण सोन्यासारखं.

एमआरआय कधी हवाच, कधी नको

चक्कर अचानक सुरू झाली आणि सोबत एकाचे दोन दिसू लागले, बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, घास गिळता येईना, पूर्वी कधी नव्हतं असं डोकं दुखू लागलं किंवा धरूनही उभं राहता येईना, तर पित्त, लो बीपी असा घरगुती विचार करत बसू नका. १०८ ला फोन करा. हा लहान मेंदूचा किंवा मेंदूच्या देठाचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. किनवट, माहूर, देगलूर, निलंगा, उदगीरकडून निघालेल्या माणसाचा त्यातला मोठा वेळ रस्त्यावरच जातो. म्हणून आधी सलाईन, मग बघू, असं करायचं नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा.

अशा वेळी फक्त सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. सीटीत रक्तस्राव चांगला दिसतो, पण मेंदूच्या मागच्या भागातला रक्त न मिळाल्याने झालेला झटका बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआय त्याहून पुष्कळ चांगला, तरी पहिल्या दिवसा-दोन दिवसांत तोही चुकू शकतो. २००९ साली अमेरिकेत जॉर्ज कट्टाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न थांबणारी चक्कर असलेल्या १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोक्याला हलकासा झटका देऊन नजर टिकते का, बुबुळांचे झटके दिशा बदलतात का, एक डोळा झाकून उघडला की तो वर-खाली सरकतो का, या तीन तपासण्या मिनिटभरात होतात. तरबेज हातांनी केल्यावर त्या पहिल्या एमआरआयपेक्षाही भरवशाच्या ठरल्या. यंत्र नको, वीज नको. मला ही गोष्ट आपल्या भागासाठी फार मोलाची वाटते. तालुक्याच्या रुग्णालयातला तरुण डॉक्टर ती शिकू शकतो.

एमआरआय आणखी दोन प्रसंगी लागतो. एकाच कानाने हळूहळू कमी ऐकू येत असेल किंवा एकाच कानात सतत आवाज येत असेल, तर कानाच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहावं लागतं. तोल महिन्यागणिक जास्त बिघडत चालला असेल किंवा तपासणीत मेंदूच्या दोषाच्या खुणा दिसत असतील, तरीही तो करायचा. उरलेल्या बहुतेकांना, कुशीवर वळताना चक्कर येणाऱ्यांना तर नक्कीच, त्याची गरज नसते. तो खर्च वाचवून त्या पैशांत फिजिओथेरपी करता येईल.

रिपोर्टमधल्या शब्दांनी घाबरूही नका. पासष्टीच्या पुढच्या बहुतेक रिपोर्टांत 'एज रिलेटेड अ‍ॅट्रोफी' आणि 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' हे शब्द असतात. पहिल्याचा अर्थ वयामुळे मेंदू थोडा आक्रसलाय. दुसऱ्याचा अर्थ बारीक रक्तवाहिन्यांवर वर्षांचा, रक्तदाबाचा, साखरेचा, तंबाखूचा परिणाम दिसतोय. तो फार पसरलेला असेल तर चाल मंदावते, हे खरं. त्यासाठी रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवायची. पण मिनिटभर गरगरण्याचं कारण सहसा ते नसतं. मानेच्या मणक्यांचंही तसंच. पन्नाशीनंतर मणके बहुतेकांचे झिजतात, चक्कर बहुतेकांना येत नाही. आईचा पट्टा आठ महिने गळ्यात राहिला. त्यामुळे मान आखडली आणि चक्कर तशीच राहिली.

कानातले खडे

आईची सुरुवात खड्यांपासूनच झाली होती. आतल्या कानात तोल सांभाळणारी पाच छोटी इंद्रियं असतात: तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन पिशव्या. पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे एका पडद्यावर बसलेले असतात. ते सुटून एखाद्या नळीत शिरले, की डोकं फिरवल्यावर नळीतला द्रव उगाच हलत राहतो आणि मेंदूला वाटतं आपण गरगर फिरतोय. निदान डिक्स-हॉलपाइक तपासणीने होतं. ती १९५२ सालापासून वापरात आहे. तुम्हाला खाटेवर बसवून, मान एका बाजूला वळवून, झटकन मागे निजवतात आणि डोळे पाहतात. कोणता कान ते कळलं, की एपली पद्धतीने डोकं एकामागून एक ठरलेल्या कोनांत फिरवतात आणि खडे परत पिशवीत उतरवतात. जॉन एपली हे अमेरिकेतले कानाचे डॉक्टर. त्यांच्या कल्पनेवर सहकाऱ्यांनी सुरुवातीला विश्वास ठेवला नव्हता. आज जगभर हाच पहिला उपाय आहे.

पुष्कळांना पहिल्याच वेळी उतार पडतो, काहींना दोन-तीनदा करावं लागतं. आधी बाजू ठरवून घ्या, मगच घरी करा. चुकीच्या बाजूने केलेल्या कसरतीचा उपयोग नाही. मान किंवा पाठ फार दुखत असेल तर आधी सांगा. तुमच्या डॉक्टरांनी निजवून तपासलं नसेल, तर नम्रपणे विचारा: "डॉक्टर, मला झोपवून डोळे बघता का?" हा प्रश्न उद्धट नाही.

आईचे खडे एका कानाच्या डॉक्टरांनी दोन भेटींत जागेवर बसवले. गरगरणं थांबलं. पण गंजगोलाईत ती तरीही उभी राहू शकेना. इथे कान संपतो आणि मेंदूच्या जोडण्यांचा प्रश्न सुरू होतो.

फीडरवरची गावं

बघता, ऐकता येण्यासाठी मेंदूत ठळक इलाके आहेत. तोलाचं तसं नाही. कान, डोळे, तळपाय आणि सांधे यांची खबर मेंदूच्या देठात एकत्र होते, लहान मेंदूत तपासली जाते आणि मग वर अनेक ठिकाणी पोचते: कानशिलाच्या आत दडलेल्या घडीत, दृष्टीच्या भागात, दिशा लक्षात ठेवणाऱ्या भागात आणि भीतीच्या केंद्रातही. या ठिकाणांत सतत देवघेव चालते. कानाची खबर गोंधळलेली असली की मेंदू डोळ्यांवर जास्त भार टाकतो, डोळे फसवू लागले की कानावर.

ही देवघेव जिवंत माणसात दिसू लागली ती गेल्या पस्तीस वर्षांत. १९९० साली सेजी ओगावा यांनी दाखवलं, की रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण बदललं की चुंबकीय प्रतिमेत बारीक फरक पडतो. त्यातून फंक्शनल एमआरआय जन्मला: मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त येतं, आणि ते टिपता येतं. १९९५ साली भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या संशोधकाने त्याहून वेगळी गोष्ट लक्षात आणून दिली. माणूस नुसता स्वस्थ पडलेला असतानाही मेंदूत सावकाश चढ-उतार चालूच असतात, आणि एकत्र काम करणाऱ्या भागांतले चढ-उतार एकमेकांशी जुळतात.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. रात्री शेतात उभे राहा. लोडशेडिंगमध्ये कोणत्या गावांचे दिवे एकदम जातात आणि एकदम येतात, ते चार रात्री पाहा. तारा न पाहताही तुम्ही सांगाल, ही तीन गावं एका फीडरवर आहेत. मेंदूची कार्यात्मक जोडणी अशीच ओळखतात. पण या पद्धतीची मर्यादाही इथेच आहे: दिवे एकदम गेले म्हणून कोणतं गाव कोणाला वीज पुरवतं, हे कळत नाही. तारा पाहण्यासाठी दुसरी पद्धत आहे, डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग. मेंदूतल्या धाग्यांच्या लांबीने पाणी सहज सरकतं, आडवं सरकत नाही. त्यावरून धाग्यांची दिशा काढतात. पीटर बासर आणि सहकाऱ्यांनी ती १९९४ मध्ये मांडली.

तोलाच्या आजारांत या चित्रणांतून काय कळलं? जहाजातून उतरल्यावर काही जणांना महिनोन्‌महिने आपण लाटांवरच आहोत असं वाटत राहतं. लांबच्या रेल्वे-प्रवासानंतर रात्री गादी हलल्यासारखी वाटते, ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. ते काही तासांत जातं. ज्यांचं जात नाही, त्यांचा साधा एमआरआय नॉर्मल असतो आणि पुन्हा गाडीत बसलं की त्यांना बरं वाटतं. २०१२ साली अमेरिकेतल्या डॉ. युन-ही चा यांनी असे २० रुग्ण आणि २० निरोगी माणसं तपासली. रुग्णांच्या मेंदूत जागेची आणि दिशेची आठवण ठेवणाऱ्या एका भागात आणि भीतीच्या केंद्राजवळ साखरेचा वापर जास्त होता, आणि दृष्टी व तोलाच्या भागांशी त्यांच्या जोडण्या बदललेल्या होत्या. ज्यांना वर्षानुवर्षं 'मनाचं आहे' म्हटलं गेलं, त्यांच्या आजाराचा मेंदूतला ठसा तेव्हा पहिल्यांदा सापडला.

आईच्या आजाराला २०१७ साली बारानी सोसायटी या जागतिक संघटनेने नाव आणि निकष दिले. तीन महिन्यांहून जास्त टिकणारी, बहुतेक दिवस असणारी, उभं राहिल्यावर आणि गर्दीत, हलत्या दृश्यांत वाढणारी डोलण्याची भावना. इंग्रजी आद्याक्षरांनी डॉक्टर तिला पीपीपीडी म्हणतात. सहसा आधी खरी चक्कर येऊन गेलेली असते. मेंदू पडण्याच्या भीतीने ताठ सावधगिरी धरतो आणि मूळ कारण गेल्यावरही ती सोडत नाही. डोळ्यांवर नको इतका विसंबतो, मग चारी बाजूंनी हलणारा बाजार त्याला पेलवत नाही. चित्रणांच्या काही अभ्यासांत कानाची खबर घेणाऱ्या भागांचा प्रतिसाद कमी आढळलाय, काहींत दृष्टीच्या जोडण्यांमध्ये फरक दिसलाय. अभ्यास लहान आहेत आणि सगळ्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. पण हा आजार ढोंग नाही आणि वेडही नाही, याबद्दल आता तज्ज्ञांत वाद उरलेला नाही.

हे वाचताना लातूरकरांना ३० सप्टेंबर १९९३ आठवलं असेल. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. आमची मावशी औसा तालुक्यातली. कित्येक महिने ती पत्र्याच्या शेडमध्ये खाटेला हात लावून निजायची, "अजून हलायलंय" म्हणायची. काही वेळा खरंच धक्के असायचे, काही वेळा नसायचे. त्या काळात डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांनी भूकंपग्रस्तांच्या मनाच्या जखमांवर काम केलं. २०११ च्या महाभूकंपानंतर जपानी कानाच्या डॉक्टरांनी मावशीसारख्याच तक्रारी नोंदवल्या: जमीन स्थिर, तरी डोलल्याची भावना. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोलीचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. त्यानंतर तुमच्या घरात कुणाला खुर्चीत बसल्या बसल्या हलल्यासारखं वाटत असेल, तर पंख्याकडे किंवा ग्लासातल्या पाण्याकडे बघा. पाणी स्थिर असेल तर तसं त्यांना शांतपणे दाखवा. 'भित्री आहेस' म्हणू नका. दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही तर तपासून घ्या.

फंक्शनल एमआरआयने माझं निदान होईल का?

नाही. हा प्रश्न मला हमखास विचारतात, म्हणून उत्तर स्पष्ट देतो. संशोधनातले फरक गटांच्या सरासरीतले असतात. वीस रुग्णांची सरासरी वीस निरोगी माणसांहून वेगळी निघते, पण एका माणसाच्या चित्रावरून त्याला कोणता आजार आहे, हे सांगता येत नाही. दवाखान्यात फंक्शनल एमआरआयचा उपयोग मुख्यत: मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी बोलण्याची आणि हाताची जागा जपण्यासाठी होतो. 'ब्रेन मॅपिंग करून चक्करेचं मूळ शोधतो' अशी जाहिरात दिसली, तर पैसे खिशातच ठेवा.

संशोधनात भाग घ्यायचा असेल, तर मात्र जरूर घ्या. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आणि हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात असं काम चालतं. नांदेडहून बेंगळुरूला थेट रेल्वे आहे. निरोगी नातेवाइकांचीही तुलनेसाठी गरज असते. सही करण्याआधी माहितीपत्रक तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मागा. नीतिमत्ता समितीची मान्यता आहे का, योगायोगाने काही आढळलं तर कळवणार का, मधेच नाही म्हटलं तर उपचारावर परिणाम होईल का, हे विचारा. परिणाम होता कामा नये, आणि चित्रणाचे पैसेही तुमच्याकडून घेता कामा नयेत.

आत काय होतं तेही सांगतो. यंत्राचं चुंबक दीड किंवा तीन टेस्लाचं असतं. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळजवळ तीस हजार पट. म्हणून पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण (वेल्डिंग, लेथवर काम करणाऱ्यांनी विशेष आठवावं) आधी सांगा. मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी, केसांतल्या पिना, जरीचं लुगडं घरी ठेवा. नांदेडच्या शीख बांधवांनी न निघणारा कडा आणि पगडीतल्या पिनांबद्दल वेळ घेतानाच बोलून ठेवावं, ऐनवेळी दाराशी अवघडल्यासारखं होत नाही. जोडण्यांच्या चित्रणात इंजेक्शन नसतं. सहा ते दहा मिनिटं डोळे उघडे ठेवून एका खुणेकडे पाहत स्वस्थ पडायचं. डोकं थोडं जरी हललं तरी मोजणी बिघडते.

आत सरकताना गरगरलं तर घाबरू नका. २०११ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी सिद्ध केलं, की एमआरआयचं ताकदवान चुंबक आतल्या कानातल्या द्रवातल्या विजेच्या प्रवाहाला ढकलतं आणि निरोगी माणसाचेही डोळे झटके देऊ लागतात.

विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुला-मुलींसाठी या शोधात मोठा इशारा आहे. तोलाच्या रुग्णांच्या जोडण्या मोजायला निघालात, तर चुंबक स्वतःच तोलाच्या इंद्रियाला डिवचत असतं. डोक्याची ठेवण, डोळे उघडे की मिटलेले, चालू औषधं, अर्धशिशी, चिंता, उजखोरा की डावखुरा, हे सगळ्यांचं सारखं नोंदवलं नाही, तर निघालेला फरक आजाराचा की या गोष्टींचा, ते सांगता येणार नाही. आणि यंत्राला हात लावण्याआधी पन्नास रुग्णांचे डोळे नीट तपासा. आपल्या भागातल्या चक्करेचं एक चांगलं रजिस्टर हेच मोठं संशोधन ठरेल.

मग करायचं काय

मेंदूच्या जोडण्या बदलतात, म्हणूनच आजार होतो आणि म्हणूनच बराही होतो. चक्कर थांबवणाऱ्या प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारख्या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी ठीक. त्या महिनोन्‌महिने चालू ठेवल्या, तर मेंदूची नव्याने जुळवून घेण्याची क्रिया मंदावते, आणि वयस्कर माणसांत हात थरथरणं, चाल मंदावणं असे कंपवातासारखे त्रासही होऊ शकतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण "किती दिवस?" हे विचाराच.

व्यायाम मात्र चुकवू नका. इंग्लंडमध्ये १९४०च्या दशकात कॉथोर्न आणि कुक्सी यांनी बसवलेली मालिका अजून वापरतात: आधी नजर, मग मान, मग बसून वाकणं, मग उभं राहून, शेवटी चालताना. फिजिओथेरपिस्टकडून शिका. व्यायामाने थोडं गरगरेल, तेवढंच औषध. पीपीपीडीत या जोडीला चिंता कमी करणारं समुपदेशन आणि काही वेळा नैराश्यावर वापरतात त्या गटातली औषधं देतात. ती दिली म्हणून तुम्हाला वेडं ठरवलंय असं समजू नका. मेंदूच्या ज्या जोडण्या ताठ झाल्या आहेत, त्यांना सैल करायला ती दिली जातात.

तोवर घर जपा. न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री लहान दिवा, पायाला घट्ट बसणारी चप्पल. चक्कर ताब्यात येईपर्यंत विहिरीचा काठ, शेततळं, मळणी यंत्र, शिडी आणि मोटरसायकल या पाच गोष्टींपासून लांब राहा. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका.

आईला फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं, आधी गल्लीच्या तोंडापर्यंत, मग पानपट्टीपर्यंत, मग गोलाईच्या कडेपर्यंत. रोज थोडं पुढे, भिंत न धरता. पाच महिने लागले. आता ती गुरुवारी एकटी जाऊन भाजी आणते. गर्दी फार असली की अजून मिनिटभर थांबते, एका पाटीवर नजर ठेवते आणि मग निघते.

तुमच्या घरातल्या कुणाचं पाकीट कपाटावर असेल, तर ते खाली काढा, त्याच्यासोबत एक वही ठेवा, मोबाइलमधलं डोळ्यांचं चित्रण तयार ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना निजवून तपासायला सांगा.